“किती दिवस लागतील?” या प्रश्नाची धास्ती

“मॅडम, साहेबांनी ‘किती दिवस लागतील?’ असं विचारलं की माझ्या पोटात गोळाच येतो.” कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण साहित्य तयार करणारी ही तरुणी दर वेळी तारीख द्यायची, ती हुकायची आणि मग रात्री जागून काम उरकायची. आपण या कामाच्या लायकच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही तक्रार माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात.

लायकीवर बोलण्याआधी मी तिला मागच्या कामांच्या मेलवरच्या तारखा काढून आणायला सांगितलं. एका तासाच्या ऑनलाइन मॉड्यूलला तिने दोन आठवडे सांगितले होते, लागले सहा. गंमत म्हणजे लिखाण आणि स्लाइड जवळजवळ ठरल्या वेळेत झाल्या होत्या. बाकीचे दिवस विषयतज्ज्ञाची वेळ मिळण्यात, मसुदा परत येण्यात, ऐन वेळी नियम बदलल्यावर आवाज पुन्हा रेकॉर्ड करण्यात गेले होते. अंदाजात ती फक्त स्वतःच्या हातचं काम धरत होती.

चॅपमन अलायन्स या प्रशिक्षण क्षेत्रातल्या सल्लागार संस्थेच्या २०१० च्या पाहणीतले आकडे मी तिच्यासमोर ठेवले. तासाभराचं प्रशिक्षण तयार करायला सरासरी किती तास लागतात? वर्गात शिकवायचं असेल तर ४३, साधं ई-लर्निंग असेल तर ७९, मध्यम संवादी, म्हणजे शिकणाऱ्याला अधूनमधून काही करायला लावणारं असेल तर १८४. तिचं मॉड्यूल संवादी होतं आणि तिचे दोन आठवडे म्हणजे जेमतेम ८० तास! आकडे जुने आहेत, साधनंही बदलली आहेत. म्हणून मी स्वतःच्या नोंदींवर जास्त भर देते.

“पण अनुभवी माणसांचं असं होत नसेल ना?” तिने विचारलं. होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायलमध्ये शाळांसाठी अभ्यासक्रम तयार करत होते. त्यांच्या गटाचा अंदाज होता सुमारे दोन वर्षांचा. गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाचाही तोच. अशा इतर गटांना किती काळ लागला, असं विचारल्यावर मात्र त्याच तज्ज्ञाने सांगितलं: किमान सात वर्षं, आणि सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही. कानेमन यांच्या गटाला आठ वर्षं लागली. माहिती डोक्यात असूनही अंदाज बांधताना ती कुणाला आठवली नव्हती.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग आम्ही साहेबांना द्यायचं उत्तर मिळून लिहिलं: “मसुद्यावरचे शेरे तीन दिवसांत मिळाले तर पाच आठवडे, नाहीतर सात.” असं म्हणायला तिला फार भीती वाटत होती. नकार आला तर काय बोलायचं, याचीही आम्ही तालीम केली.

साहेबांनी पाच आठवडे मान्य केले नाहीतच. त्यांनी मॉड्यूल अर्ध्या तासाचं केलं आणि शेऱ्यांची मुदत विषयतज्ज्ञाला स्वतः कळवली.