बेल वाजवली तरी सिस्टर का येत नाहीत?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतायत ३४ वर्षं वॉर्डात काढलेल्या, आता रिटायर झालेल्या एक इन्चार्ज सिस्टर.)

प्रश्न : आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, नऊ दिवस एका खाजगी हॉस्पिटलात होतो. डॉक्टर चांगले, पण रात्री बेडपॅनसाठी बेल वाजवली की वीस वीस मिनिटं कुणी येत नसे आणि आलं तरी तोंड वाकडं. सहाव्या दिवशी आईच्या माकडहाडाजवळ कातडी लाल झालेली दिसली, तीही मलाच. तक्रार केली तर नाइटच्या मुलीला बोलणी बसली, बाकी काही बदललं नाही. हल्लीच्या मुलींमध्ये सेवाभावच राहिला नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दादा, आधी आईचं बघा. ती लाल जागा बोटानं दाबून सोडायची, लाली क्षणभर जाऊन परत आली तर ठीक, पण दाबूनही तशीच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, तिथं चोळायचं अजिबात नाही, त्या जागेवरचा भार काढायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे आजच करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचा राग मला कळतो. वीस मिनिटं बेडपॅनसाठी थांबणं म्हणजे काय हे म्हाताऱ्या माणसाला विचारावं, अंथरूण खराब होईल या भीतीनं बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, मी हे डोळ्यांनी बघितलंय. पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, बहुतेक कुणी विचारतच नाही, की त्या रात्री त्या मुलीकडे पेशंट किती होते?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण असं आहे की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला ३ पेशंटमागे एक नर्स, इतर हॉस्पिटलात ५ मागे एक, आयसीयूत एकास एक, आणि रजा-सुट्ट्या धरून वर ३० टक्के जास्त माणसं. आता मी स्वतः जी नाइट केलीये ती सांगते. २४ बेड, मी एक आणि एक मावशी. त्यातले सहा पेशंट स्वतः हलू न शकणारे, एकाची कूस बदलायला दोघींची पाच-सात मिनिटं जातात, म्हणजे सहा जणांचे साधारण चाळीस मिनिटं, आणि हे दर दोन तासांनी करायचं, मधेच इंजेक्शनं, सलाईन संपत आलेलं, कुणाचा ताप वाढलेला, कॅज्युअल्टीतून नवीन अ‍ॅडमिशन वर येतंय आणि सकाळच्या राउंडच्या आत सगळ्या फाईली लिहून पाहिजेत. अशा रात्री पहिलं काय सुटतं माहितीये? इंजेक्शन सुटत नाही कारण त्याची फाईलला सही लागते. सुटते ती कूस बदलणं, तोंड पुसून देणं, दोन मिनिटं बोलणं. म्हणजे पेशंटला ज्यानं बरं वाटतं नेमकं तेच.

आणि हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांमधले ऑपरेशनचे पेशंट तपासले, २००२ साली तो अभ्यास छापून आला. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ३० दिवसांत पेशंट दगावायची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि नर्स थकून करपून जायची शक्यता २३ टक्क्यांनी. पेशंट आणि नर्स, दोघांचं नशीब एकाच आकड्याला बांधलेलं. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत बघितलं तरी मृत्यूचा आकडा तोच निघाला. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचच्या वर पेशंट द्यायचे नाहीत.

सेवाभावाचं म्हणाल तर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांची आठवण काढते. तिथल्याच एक नर्स अरुणा शानबाग त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं बिछान्यावर होत्या. त्यांना बेडसोअर झालेले नाहीत ही गोष्ट सुप्रीम कोर्टापुढे आली आणि २०११ च्या निकालात कोर्टानं तिथल्या नर्सेसचं मनापासून कौतुक केलं. आम्हा सगळ्यांना अजून त्याचा अभिमान वाटतो. पण ते काम कुठल्या एका सिस्टरचं नव्हतं, एक बॅच रिटायर झाली की दुसरी यायची, पाळीपाळीनं कायम हात होते. सेवाभाव असला तरी कूस बदलायला हातच लागतात. तुमच्या आईजवळ त्या रात्री ते नव्हते असं मला वाटतं.

तोंड वाकडं करणं मात्र चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण पुढच्या वेळी तक्रार लेखी करा, मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) आणि मॅनेजमेंट दोघांना, आणि त्यात मुलीचं नाव लिहिण्याआधी हे लिहा की अमुक तारखेला नाइटला इतक्या बेडना इतक्याच सिस्टर होत्या. अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण एसी आहे का, टीव्ही आहे का विचारतो ना, तसंच रात्री या मजल्यावर किती सिस्टर असतात हेही विचारा. चार जणांनी विचारलं की काउंटरवरच्यांना उत्तर शोधावंच लागतं.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दोन वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात आहे. बारा तासांची नाइट होती, सलग पाचवी. एकाच आडनावाचे दोन पेशंट, शेजारी शेजारी, आणि मी एकाचं अँटिबायोटिक दुसऱ्याला दिलं. लगेच लक्षात आलं, मीच डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला काही झालं नाही. पण माझ्याकडून माफीपत्र घेतलं आणि पगार कापला. आता सिरिंज भरताना हात थरथरतो. हे काम सोडू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाळ, तू स्वतःहून सांगितलंस ना, तिथंच तू चांगली नर्स आहेस हे ठरलं. ज्या वॉर्डात चूक सांगितली की पगार कापतात त्या वॉर्डात पुढची चूक कुणी सांगणार नाही आणि मग पेशंटला वाचवायला वेळ मिळणार नाही, हे तुझ्या मॅनेजमेंटला कळायला हवं होतं.

औषध देताना तुला त्या रात्री किती जणांनी हाक मारली हे आठवून बघ. सिडनीत दोन हॉस्पिटलांत ९८ नर्सेस औषधं देताना बारकाईनं बघितल्या होत्या, २०१० सालचा अभ्यास आहे, तर मधे एकदा कुणी थांबवलं की औषधाची चूक व्हायची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढायची, आणि असं प्रत्येक हाकेला. म्हणून इन्चार्जशी बोल, औषधाच्या वेळी ट्रॉलीजवळ कुणी येणार नाही आणि फोन मावशी घेतील एवढं जरी ठरलं तरी खूप फरक पडतो. आणि पेशंटला "तुम्ही पाटील ना" असं कधी विचारायचं नाही, झोपेत माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि हातातल्या पट्टीवरचा आयपीडी नंबर केसपेपरशी जुळवायचा, दर वेळी, ओळखीचा असला तरी.

हे हॉस्पिटल सोड असं मी नक्की म्हणेन, हे काम सोड असं म्हणणार नाही. सलग पाच नाइट लावणाऱ्या ठिकाणी कुणाचाही हात थरथरेल. पगाराचं पण सांगून ठेवते, सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. ती फक्त शिफारस आहे, पण नवीन ठिकाणी बोलताना हा आकडा तुझ्या तोंडात असू दे. आणि बॉन्डवर (इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही अशा करारावर) सही करण्याआधी घरी आणून कुणाला तरी वाचायला दे.

प्रश्न : बाबांना (वय ७८) ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री भ्रम झाला, आम्हाला ओळखेनात, सलाईन ओढून काढलं. दिवसा बरे असायचे. हे कशामुळे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारणं बरीच असू शकतात, इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम, एखादं औषध, त्यामुळे डॉक्टरांना त्याच रात्री सांगायचं, वयामुळे होतं म्हणून सोडून द्यायचं नाही. पण झोप न होणं हेही मोठं कारण. वॉर्डात रात्री आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००५ मध्ये जुनी-नवी मोजमापं एकत्र मांडली तर रात्रीचा आवाज १९६० च्या ४२ वरून ६० पर्यंत चढलेला दिसला. मॉनिटरचे बीप, ट्रॉलीची चाकं, आणि आपल्याकडे नातेवाइकांचे मोबाइल.

खिडकीजवळचा बेड मिळाला तर मागून घ्या. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार पेनकिलर कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. दिवसा पडदे उघडे ठेवा, बाबांना बसवा, बोला, तारीख-वार सांगत राहा. रात्रीचा बीपी आणि औषध शक्यतो एकाच वेळी उरकता येईल का ते सिस्टरना विचारा, पेशंट कमी असतील तर त्या आनंदानं करतील. आणि चष्मा, कवळी, कानातलं मशीन कपाटात ठेवू नका, उशीजवळ ठेवा, रात्री डोळे उघडल्यावर समोर कोण उभंय हे बाबांना दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे.