दोफँ : नाव, मुलूख की पदवी?

प्रश्न असा आहे : फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या एका लेखात सोळाव्या लुईच्या मुलाला ‘दोफँ’ म्हटले आहे, दुसरीकडे तोच ‘डॉफिन’ झाला आहे. हे त्या मुलाचे नाव की पदवी? आणि सरळ ‘युवराज’ लिहिले तर बिघडते का?

उच्चाराचे आधी उरकू. फ्रेंच उच्चार ‘दोफँ’च्या जवळचा, शेवट अनुनासिक. ‘डॉफिन’ हे इंग्रजीच्या वाटेने आले. ही पदवीच आहे, पण सुरुवातीला ते खरोखर एका माणसाचे नाव होते. शब्दाचा मूळ अर्थ डॉल्फिन, तोच समुद्रातला.

आजच्या आग्नेय फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठी आल्बोंचे काउंट नांदत होते. त्यांच्यातला चौथा गीग (मृत्यू 1142) ‘डेल्फिनस’ हे नावही लावत असे. वंशजांनी ते पुढे चालवले. त्याची मुलगी ओव्हेर्न्यच्या घराण्यात दिली, तर तिच्या मुलाचे नावही दोफँच, आणि त्या घराण्यातही पुढे त्याची पदवी झाली. तेराव्या शतकाच्या अखेरीस आल्बोंच्या घराण्यात ‘दोफँ’ ही रीतसर पदवी झाली होती आणि त्यांच्या मुलखाला ‘दोफिने’ म्हणू लागले. ग्रनोब्ल हे तिथले मुख्य शहर. आपल्याकडे पाटील, देशमुख ही पदे आडनावे झाली. इथे गाडी उलटी धावली. ढालीवरचा डॉल्फिनही नावावरून आला, चिन्हावरून नाव पडले नाही. लोक बहुधा नेमके उलटे सांगतात.

मग ही पदवी फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेली कशी? चक्क विकत. शेवटचा स्वतंत्र दोफँ दुसरा अम्बेर. एकुलता एक मुलगा लहानपणीच गेलेला, धर्मयुद्धाची हौस दांडगी आणि डोक्यावर कर्ज. 1343 साली पहिला करार झाला, त्यात मुलूख राजा सहावा फिलिप याच्या धाकट्या मुलाला मिळायचा होता. पुढे बोलणी फिरली आणि 1349 मध्ये तो राजाचा नातू शार्ल याच्या पदरात पडला. म्हणजे ‘राजाचा थोरला मुलगा तो दोफँ’ हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता, तो वहिवाटीने रुळला. अम्बेर डोमिनिकन साधू झाला. शार्ल पुढे पाचवा शार्ल म्हणून गादीवर बसला. एक गंमत : दोफिने तेव्हा कागदोपत्री फ्रान्सच्या राज्यात नव्हतेच, पवित्र रोमन साम्राज्यात मोडत होते.

आता ‘युवराज’. वहिवाट पक्की झाल्यावर दोफँ म्हणजे राजाच्या थेट वंशातला वारस : मुलगा, तो नसेल तर नातू किंवा पणतू. भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ वारस असला तरी दोफँ नाही. पहिला फ्रान्स्वा आणि चौथा आंरी हे दोघे राजे झाले, पण दोफँ कधीच नव्हते. अठराव्या लुईला मूलबाळ नव्हते, त्यामुळे त्याच्या राज्यात दोफँच नव्हता. वारस असलेला भाऊ ‘मस्य’ म्हणवला जाई. ‘युवराज’ हा शब्द आपण कोणत्याही ठरलेल्या वारसाला लावतो, तेव्हा एवढे भान ठेवून तो वापरायला हरकत नाही.

नियम कसा चाले ते चौदाव्या लुईच्या म्हातारपणी दिसते. एप्रिल 1711 मध्ये त्याचा मुलगा देवीने गेला. नातू दोफँ झाला. फेब्रुवारी 1712 मध्ये आधी त्याची बायको आणि सहा दिवसांनी तो स्वतः गोवराने गेला. मग पाच वर्षांचा पणतू दोफँ. तोही 8 मार्चला गेला. वर्षाच्या आत तीन दोफँ! उरला दोन वर्षांचा धाकटा भाऊ. वैद्य शीर तोडून रक्त काढायला टपलेले. मादाम द व्हाँतादूर या त्याच्या दाईआजीने त्याला त्यांच्या हाती लागूच दिले नाही. तो जगला आणि 1715 मध्ये पंधरावा लुई झाला. वैद्यांच्या हट्टापेक्षा बाईचा हट्ट मोठा ठरला, असेच म्हणावे लागते.

तुमच्या लेखातला मुलगा म्हणजे बहुधा लुई-शार्ल. थोरला भाऊ जून 1789 मध्ये वारला म्हणून तो दोफँ झाला. 1791च्या राज्यघटनेने मात्र वारसाला ‘प्रँस र्‍वायाल’, म्हणजे राजपुत्र, हे नाव दिले. म्हणून त्या सालानंतरच्या प्रसंगांत त्याला दोफँ लिहिणे काटेकोरपणे चूक; वापरतात मात्र सर्रास. दहावा शार्ल 1824 मध्ये राजा झाला तेव्हा पदवी परत आली, त्याचा मुलगा आंगुलेमचा ड्यूक हा शेवटचा दोफँ. 1830च्या क्रांतीत ती कायमची गेली.

शब्द मात्र फ्रेंचमध्ये जिवंत आहे. पुढाऱ्याने वारस म्हणून पुढे केलेल्या माणसाला तिथे दोफँ म्हणतात आणि ‘मिस फ्रान्स’मध्ये दुसरी आलेली मुलगी ‘प्रमिएर दोफीन’ ठरते. तिचे भाषांतर ‘युवराज्ञी’ कराल तर मात्र पंचाईत होईल. तिथे ‘उपविजेती’च लिहा.