किडनी नवी मिळाली, पण कॅन्सरचं काय?

प्रश्न: आमच्या मनीचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन दीड वर्ष झालं. एकदम मस्त आहे, पण आता वाचलं की अशा मांजरांना पुढे कॅन्सर होतो. तो डोनरच्या किडनीतून येतो का? औषधं हळूहळू बंद केली तर? डोनर बंड्याला आम्हीच दत्तक घेतलंय, त्यालाही धोका आहे का?

उत्तर: ताई, औषधं बंद करायचं आधी डोक्यातून काढून टाका, बाकीचं मग बोलू. सायक्लोस्पोरिन आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवली की मनीचं शरीर त्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडणार, आणि मग कॅन्सरची काळजी करायला मनीच राहायची नाही.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मांजरांमध्ये हे ऑपरेशन १९८७ पासून होतंय, अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठात सुरू झालं, आणि नंतरच्या अभ्यासांत साधारण दहातल्या एका ते चारातल्या एका मांजराला कॅन्सर झालेला दिसला. सगळ्यात जास्त लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पण दोष सहसा किडनीचा नसतो, औषधांचा असतो. बिघडलेल्या पेशी एरवी शरीरच हेरून मारतं, ही औषधं त्या पहारेकऱ्यालाच झोपवतात, वर सायक्लोस्पोरिनमुळे डीएनएची दुरुस्तीही नीट होत नाही असं दिसलंय. माणसांतही ट्रान्सप्लांटनंतर हीच कटकट असते.

मग करायचं काय? रक्तातली सायक्लोस्पोरिनची लेव्हल वेळच्या वेळी तपासा, म्हणजे डोस गरजेपेक्षा वर जात नाही, कमी करायचा असेल तर तोही डॉक्टरच लेव्हल बघून करतील. घरी दर आठवड्याला वजन करा (मांडीवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजा करा, बारीक फरक कळायला लहान बाळांचा काटा बरा). वजन उतरतंय, खाणं कमी झालंय, उलट्या-जुलाब, जबड्याखाली किंवा गुडघ्यामागे गाठ, यातलं काहीही दिसलं तर "बघू दोन दिवस" करू नका. हा लिम्फोमा फार वेगाने वाढतो, आणि खरं सांगायचं तर निदान झाल्यावर बहुतेकदा हातात फार दिवस नसतात.

बंड्याला ही औषधं नाहीत, म्हणून हा धोकाही नाही. त्याची मात्र एकच किडनी आहे, तेव्हा वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासा आणि पेनकिलर कधीच मनाने देऊ नका.