पदवी कोणाची, हे आधी विचारा

बारावीचे निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून येणाऱ्या पत्रांत दरवर्षी एकच गोंधळ असतो: कॉलेज ख्रिश्चन संस्थेचे म्हणजे तेथे शिकवले जाणारे विषयही ख्रिश्चन धर्माचेच असणार.

प्रश्न : समाजशास्त्र घेतले तर बायबलचा पेपर द्यावा लागेल का? घरचे घाबरले आहेत. (खानापूर)

नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 28(3) सांगते. विद्यार्थी अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील असल्यास ही संमती पालकांची लागते. सकाळची प्रार्थना म्हणजे पेपर नव्हे. तरीही माहितीपत्रक घरच्यांसमोर ठेवून वाचावे.

प्रश्न : एका 'ख्रिश्चन कॉलेज'च्या एजंटाने समाजसेवेची पदवी पक्की असल्याचे सांगून आजच दहा हजार मागितले आहेत. भरू का? (निपाणी)

भरू नका. ख्रिश्चन कॉलेज या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. धारवाडचे किट्टेल, मुंबईचे विल्सन (1832) किंवा सेंट झेवियर्स (1869) यांसारख्या महाविद्यालयांचे व्यवस्थापन वा वारसा ख्रिश्चन असला, तरी तेथील अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे इतर कोणत्याही कला महाविद्यालयातल्यासारखेच विषय आहेत. दुसरीकडे पाळक घडवणारी धर्मशिक्षणाची महाविद्यालये आहेत. 1818 साली स्थापन झालेल्या बंगालमधील सेरामपूर कॉलेजची परंपरा त्यांतली आदरणीय आहे, पण ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) पदवी ही समाजशास्त्राची बी.ए. नव्हे, आणि हे तिथले जाणकार स्वतःच सांगतात. एजंटाचे दुकान या दोहोंच्या मधल्या धूसर जागेत चालते. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 नुसार कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. तुम्ही पाठवलेल्या गुळगुळीत पत्रकावर चर्चचा मनोरा आहे, टाय घातलेली मुले आहेत, शंभर टक्के नोकरी आहे. विद्यापीठाचे नाव मात्र कोठेही नाही, आणि पावतीच्या नमुन्यावर संस्थेऐवजी एका इसमाची सही आहे. एवढे दिसल्यावर मला विचारायचे काय उरते? संलग्नतेचे, म्हणजे कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी जोडलेले आहे ते सांगणारे पत्र मागा, त्यावरील विद्यापीठाच्या कार्यालयात ते दाखवून खात्री करून घ्या, आणि तोवर एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : समाजशास्त्र आणि समाजकार्य एकच ना?

नाही. समाजकार्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सक्तीचे असते, आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेतही हे दोन वेगळे विषय आहेत.

प्रश्न : अशा कॉलेजात अनुसूचित जातीच्या राखीव जागा असतात का? (चिकोडी)

शैक्षणिक प्रवेशांत राखीव जागा ठेवण्याची मुभा सरकारला देणाऱ्या घटनेच्या कलम 15(5) मधून अल्पसंख्याकांच्या संस्था वगळलेल्या आहेत, त्यामुळे जागा गृहीत धरू नका. काही संस्था स्वतःहून सवलत देतात आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न स्वतंत्र असतो. जातीचा दाखला घेऊन समाजकल्याण कार्यालयात विचारावे.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलो. पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. (बेळगाव)

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. कर्नाटक लोकसेवा आयोगाकडे मात्र कन्नडचा पेपर चुकत नाही, म्हणून कन्नड आजपासूनच घ्या. पदवीची उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे मित्राला नव्हे, विद्यापीठाला लेखी विचारा.

प्रश्न : मुदत संपली, पण व्यवस्थापनाच्या जागा शेवटपर्यंत असतात असे ऐकले.

ऐकीव गोष्टींवर वर्ष घालवू नका. उद्या सकाळी मूळ गुणपत्रक आणि टीसी घेऊन स्वतः कार्यालयात जा. महाराष्ट्र बोर्डाचे असाल तर मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्रासाठी अर्ज आजच करा.