गळ नेमका किती खोल?

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणचे, सध्या कॅनडात व्हँकुव्हर बेटावरील नॅनायमो येथे राहतो. सोळा फुटी बोटीतून आम्ही गळ ओढत सॅमन धरायला जातो. डाउनरिगरवर (तारेला जड गोळा लावून गळ खोल नेणाऱ्या यंत्रावर) १०० फूट आणि जीपीएसवर अडीच नॉट (ताशी अडीच सागरी मैल) राखूनही आम्हाला काही लागत नाही. शेजारच्या बोटींना मात्र चिनूक जातीचे सॅमन मिळतात. आमचे कुठे चुकते? आणि सॅमन म्हणजेच आपला रावस का?
— एक वाचक

उत्तर : रावसाचे आधी सांगतो. बाजारात त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी दोघांचे कूळ वेगळे आहे. रावस साफ करताना छातीच्या परांखाली दोऱ्यासारखे सुटे तंतू हाताला लागतात. सॅमनला ते नसतात.

आता तुमच्या गळाकडे वळू. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो, गळ मात्र पाण्यातून ओढला जातो. एक नॉटचा प्रवाह समोरून येत असेल, तर तुमचे अडीच नॉट पाण्यातून साडेतीन होतात. तोच प्रवाह मागून असेल, तर जेमतेम दीड. पहिल्या वेळी आमिष वेड्यासारखे गरगरते, दुसऱ्या वेळी नुसते लोंबते. उधाणाच्या दिवसांत हा फरक वाढतो, भांगेत कमी होतो, हे मालवणच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खोलीचेही तेच आहे. डाउनरिगरचा आकडा सुटलेली तार मोजतो, खोली नव्हे. बोट पुढे जाते तसा शिशाचा गोळा मागे रेटला जातो आणि तार तिरपी होते. १०० फूट तार ४५ अंशांत कलली, तर गोळा सुमारे ७० फुटांवरच असतो. शेजाऱ्याचा गोळा १५ पौंडांचा आणि तुमचा ८ पौंडांचा असेल, तर आकडा सारखा असूनही तुमचे आमिष त्याच्या बरेच वरून जाते. कोहो ही सॅमनची दुसरी जात बहुधा वरच्या थरात असते, पण चिनूक खोल राहतो, आणि तुम्हाला तोच हवा आहे.

म्हणून माझा आग्रह आहे, की आकड्यांपेक्षा तारेवर आणि काठीच्या टोकावर नजर ठेवा. गळ सोडण्याआधी फ्लॅशर (आमिषापुढे बांधलेली, पाण्यात फिरणारी चकचकीत पट्टी) बोटीच्या कडेला, डोळ्यांना दिसेल इतक्याच पाण्यात धरा आणि तो संथ, एकसारखी गिरकी घेईपर्यंत इंजिन कमी-जास्त करा. मग गळ खाली गेल्यावर काठीचे टोक ज्या लयीत हलते आणि तार जितकी कलते, तीच लय आणि तोच कल बोट वळवल्यावरही राखा, मग जीपीएस काहीही दाखवो. फ्लॅशरमागे प्लास्टिकचा माकूल असेल, तर मधला दोर तीन फुटांच्या आसपास ठेवा, कारण माकूल स्वतः हलत नाही, फ्लॅशरचा झटकाच त्याला नाचवतो. आमिष म्हणून लावलेली हेरिंग मासळी स्वतः फिरते, तिला पाच-सहा फूट दोर द्यावा.

तुमच्या भागात टोकाला उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो आणि चिनूक ठेवायची मुभा असते तेव्हाही ६२ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडावा लागतो. असा लहान मासा पुष्कळदा गळाचा दोर डाउनरिगरच्या तारेला धरून ठेवणारी क्लिप सोडवण्याइतका जोरच लावू शकत नाही आणि कुणाला न कळता तासभर ओढला जाऊन मरतो. काठीची लय किंचित जरी बिघडली, तरी गळ लगेच वर घ्या आणि मासा पाण्याबाहेर न काढता बोटीच्या कडेलाच सोडवा.