मोर्च्याचे फोटो, पोलिसांचा फोन आणि ‘सगळं डिलीट कर’ म्हणणारे मित्र

प्रश्न : माझा कोल्हापुरात राजारामपुरीत फोटो स्टुडिओ आहे. गेल्या आठवड्यात दसरा चौकातून जिल्हाधिकारी कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. मला कुणी बोलावलं नव्हतं, हौसेनं शूट केलं आणि फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्राम पेजवर टाकले. गेटजवळ ढकलाढकली झाली होती, त्यावरून गुन्हा दाखल झालाय. आता एका मुलीचा मेसेज आलाय, ‘दादा, एका फोटोत मी अगदी पुढं दिसत्ये. पोलीस भरतीची तयारी करत्ये, प्लीज माझा चेहरा लपवा.’ दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘मेमरी कार्ड घेऊन या.’ मित्र म्हणतात सगळं डिलीट करून मोकळा हो. कार्डावर दोन लग्नांचे फोटोही आहेत. काय करू?

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. कार्ड कॅमेऱ्यातून काढून पाकिटात ठेवा, त्यावर पुढची ऑर्डर शूट करू नका, फोनमधलंही काही पुसू नका. मग पेजवरची ती पोस्ट खाली उतरवा. एकीकडं जपा म्हणतो आणि दुसरीकडं उतरवा म्हणतो, हे उलटसुलट वाटेल. पण लोकांना दाखवायची प्रत तुमच्या मर्जीची असते. मूळ फाइल, गुन्हा दाखल झाल्याचं कळल्यानंतर, एकट्या तुमच्या मर्जीची राहत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ इथं आडवं येतं. कोर्टात किंवा कायदेशीर चौकशीत सादर करावा लागू शकेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो सादर होऊ नये म्हणून कुणी लपवला, नष्ट केला, पुसला किंवा वाचता येणार नाही असा केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘वाचता येणार नाही असा केला’ यात मूळ फाइलवर चेहरे ब्लर करून सेव्ह करणंही ओढलं जाऊ शकतं. लेखी नोटीस यायच्या आधीच पुसलं, ही पळवाट चालत नाही, कारण कलम हेतू बघतं. आणि ‘डिलीट कर’ म्हणणाऱ्या मित्रांचे मेसेज तुमच्याच व्हॉट्सॲपवर असतील, म्हणजे हेतूचा पुरावा सरकारी वकिलाला आयताच.

आता त्या मुलीचं. तिची भीती फुकाची नाही. मोर्च्याच्या एफआयआरमध्ये आयोजकांची चार-पाच नावं असतात आणि पुढं ‘व इतर ४० ते ५० अनोळखी इसम’. ती मोकळी जागा नंतर भरली जाते, आणि हल्ली ती फोटो आणि व्हिडिओ बघून भरतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश लागू असेल, तर परवानगीशिवाय पाच माणसं जमली तरी कलम १३५ खाली गुन्हा होतो. हा आदेश एका वेळी पंधरा दिवसांचा, पण सणवार, निवडणुका बघून पुन्हा पुन्हा निघतो. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९नं दिलेला आहे आणि असे खटले पुढं टिकतातच असंही नाही. पण भरतीला उभ्या राहिलेल्या पोरीला निकालापर्यंत थांबायची सोय नसते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना असतो आणि तो खरा भरावा लागतो.

तिचं ऐकायला कायद्यानं तुम्ही बांधील आहात का? सरळ सांगायचं तर फारसे नाही. भर रस्त्यात फोटो काढायला संमती लागत नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि सार्वजनिक जागी गेल्यानं तो संपत नाही असंही त्यात म्हटलंय. तरी मूलभूत हक्काची ढाल मुख्यतः सरकारपुढं धरायची असते, स्टुडिओवाल्यापुढं नाही. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. त्याच्या भरवशावर ती आज तुमच्याविरुद्ध काही करू शकेल असं मला वाटत नाही. तरीही पोस्ट उतरवाच. तुमचं जाणार काय, चार लाइक. तिची भरती जाईल.

एक काम मात्र तिला जमणार नाही, ते तुम्हाला जमेल. तुमचे फोटो एव्हाना दुसऱ्या पेजवाल्यांनी उचलले असणार. आयोजकांनी पैसे देऊन बोलावलं नव्हतं, म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालक तुम्ही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरा. स्वतःचा चेहरा हटवायला तिला जेवढ्या खेपा घालाव्या लागतील, त्यापेक्षा हे लवकर होतं.

फोटो पुन्हा टाकायचेच असतील तर मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावर काम करा. हलका ब्लर किंवा बारीक मोझॅक पुरत नाही. त्यावरून अंदाज बांधणारी सॉफ्टवेअर आहेत. सरळ काळा किंवा एकरंगी पट्टा मारा आणि तो फोटोत कायमचा बसलाय हे बघा, वर चिकटवलेला स्टिकर नको. मग फोटो मोठा करून चेहऱ्याशिवाय माणूस कशावरून ओळखू येतो ते शोधा. कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट, गळ्यातली आयकार्डाची दोरी, हातावरचा टॅटू, मागं उभ्या गाडीची एमएच ०९ ची पूर्ण नंबरप्लेट, सॅकवर लिहिलेलं क्लासचं नाव. शेजारची मैत्रीण उघडी ठेवली तर हिला झाकून काय उपयोग? गल्लीतला माणूस जोडीवरून ओळखतो. फोनवर काढलेल्या फोटोच्या पोटात वेळ आणि ठिकाणही असू शकतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते बहुतेक गळून जातं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसंच्या तसं जातं. लहान मुलं असतील तर अधिक जपा. तपासात मुलाचं नाव कुठल्याही नात्यानं आलं, तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

(मोर्च्यातल्या प्रत्येकाला तोंड लपवायचं असतं असं समजू नका. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ मिळावं म्हणून आम्ही वकील मंडळी काळे कोट घालून रस्त्यावर बसलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात आपला फोटो आला नाही म्हणून रुसणारेच जास्त होते. व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांचे चेहरे खुशाल ठेवा.)

पोलिसांच्या फोनकडं वळू. फोनवरच्या बोलावण्यावर कार्ड द्यायची सक्ती नाही. तपासाची रीत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं लेखी आदेश द्यावा लागतो, कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक. तेव्हा फोन उचला, उद्धट बोलू नका, एवढंच म्हणा : ‘साहेब, सहकार्य करतो, कलम ९४ ची नोटीस द्या. गुन्हा क्रमांक आणि कुठल्या तारखेचे, किती वाजेपर्यंतचे फोटो हवेत ते त्यात लिहा.’ आदेशात वस्तू नुसती हजर करायला सांगितली असेल, तर स्वतः न जाता दुसऱ्याच्या हाती पाठवली तरी चालते.

नोटीस आली की मात्र टाळाटाळ नको. त्या दिवसाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर देऊ करा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची असते, ती काढायला कुणीतरी जाणकार गाठा. कार्डावर तिऱ्हाइतांची लग्नं आहेत, त्यांचा या गुन्ह्याशी संबंध नाही, हे अर्जात लिहा आणि पोच घ्या. एवढं करूनही कार्डच हवं म्हणाले तर जप्तीचा अधिकार त्यांना आहे. तेव्हा जप्तीची यादी मागा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे याची आठवण करून द्या. ‘मी पत्रकार आहे’ म्हणायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडं पत्रकारालाही सरसकट कवच नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतंच आहे.

खरी पंचाईत पुढं आहे. साहेबांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, ‘ही कोण?’ तर? तिनं तुम्हाला मेसेज केलाय, म्हणजे नाव तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही, त्यामुळं गप्प बसायचा संविधानाच्या कलम २०(३) चा हक्क तुम्हाला मिळत नाही, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० प्रमाणे साक्षीदारानं खरं उत्तर द्यायचं असतं. माझा सल्ला : खोटं बोलू नका आणि न विचारलेलं सांगू नका. नोटीस फोटोंची असेल तर फोटो द्या. तुमच्या इनबॉक्सबद्दल त्यात काही नसेल, तर तो तुम्ही होऊन उघडायचं कारण नाही. तिला आजच कळवा की पोस्ट उतरवली आहे, पण मूळ फोटो कायद्यानं मागितले तर द्यावे लागतील. ‘काळजी करू नको, सगळं पुसलंय’ असं खोटं आश्वासन देऊ नका. साक्षीदार म्हणून तिचा जबाब घ्यायचा झाला, तर त्याच संहितेच्या कलम १७९ प्रमाणे बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, राहत्या जागी यावं लागतं, हेही तिला सांगा. हॉस्टेलवर राहत असेल तर खाकी वर्दी रेक्टरसमोर उभी राहील, म्हणून तिनं आधीच वकील गाठलेला बरा.

तुमचंच नाव आरोपींत आलं तर वरचं बरंचसं बदलतं. आरोपीकडून अशा लेखी आदेशानं वस्तू मागवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये श्यामलाल चोक्सी प्रकरणात सांगितलंय. तसं दिसलं तर ठाण्यात जायच्या आधी मला फोन करा. नोटीस अवाच्या सवा असेल, म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्या हार्डडिस्क मागितल्या, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ, इथंच सुरू झालंय, त्यासाठी आता महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढावं लागत नाही.

आणि ती दोन लग्नं आज रात्रीच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. कॉपी करताना कार्डाचं लॉकचं बटण खाली ओढलेलं असू द्या. कार्ड जप्त झालं तर परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि अल्बम मागायला येणारा नवरदेव तेवढा धीर धरत नाही.