पत्ते बदलणारी सुरक्षा : खर्च किती, उपयोग किती?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत मुख्य कार्यालय आणि दोन शाखा मिळून ४० कॉम्प्युटर आहेत. दर १५ मिनिटांनी आयपी पत्ते (जाळ्यात कॉम्प्युटर ओळखायचे क्रमांक) बदलणारी आणि संशयास्पद पत्ता आपोआप ब्लॉक करणारी यंत्रणा घ्या, असा विक्रेत्याचा आग्रह आहे. ‘हॅकरला काही सापडणारच नाही,’ म्हणतो. संचालक मंडळाला आकडे हवेत. ते कसे काढायचे?
— व्यवस्थापक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : विक्रेत्याचा दावा आधी कागदावरच तपासा. २५४ पत्त्यांच्या जाळ्यात अपडेट न केलेला, म्हणजे कच्चा, एकच कॉम्प्युटर आहे असं धरा. हल्लेखोर दर प्रयत्नात एक पत्ता तपासतो. पत्ते स्थिर असतील तर २५४ प्रयत्नांत तो कॉम्प्युटर सापडतोच. प्रत्येक प्रयत्नानंतर पत्ते बदलले तरी तेवढ्याच प्रयत्नांत सापडण्याची शक्यता ६३ टक्के उरते. कच्चे कॉम्प्युटर ५ असतील तर ५० प्रयत्नांत स्थिर पत्त्यांवर ६७ टक्के, बदलत्या पत्त्यांवर ६३. आणि तुमचे पत्ते तर १५ मिनिटांनी बदलणार! लॅनवर, म्हणजे कार्यालयातल्या जाळ्यात, २५४ पत्ते चाळायला एनमॅप या शोधक सॉफ्टवेअरला सहसा काही सेकंद पुरतात. ई-मेलमधली फाइल कर्मचाऱ्यानेच उघडली, तर पत्ता शोधायचीही गरज नाही.

तरी चाचणी घ्याच. चार आठवडे यंत्रणा आलटून-पालटून चालू-बंद ठेवा. प्रत्येक आठवड्यात बाजाराचा दिवस यायला हवा, कारण खरी गर्दी तेव्हाच. सभासदांची माहिती नसलेल्या एका कॉम्प्युटरवर एक पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारं दार) मुद्दाम उघडा, सुट्या लॅपटॉपवरून तो शोधा आणि लागलेला वेळ लिहा. चालू-बंद दोन्ही स्थितींत असं ३० वेळा करा, दरवेळी वेगळ्या वेळी. सरासरीपेक्षा मधली वेळ पाहा, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. एखादी फार लांबलेली वेळ सरासरी बिघडवते. ३० पैकी एकदाही पोर्ट सापडला नाही, तरी धोका शून्य नव्हे: ३ भागिले ३०, म्हणजे तो १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. चाचणीआधी मंडळाचा लेखी ठराव हवा, आणि कोअर बँकिंग पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला हात लावायचा नाही.

खर्चात विक्रेत्याचं बिल हा सोपा भाग. पत्ता बदलताना चालू जोडणी तुटली आणि काउंटरवरची नोंद अर्धवट राहिली, तर ती पुन्हा करण्याची मिनिटं मोजा. पासबुक प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र बहुधा ठरलेल्या पत्त्यावरच चालतात. त्यांना सूट द्यावी लागली की हल्लेखोराला तीच दारं उघडी राहतात. म्हणून सूट दिलेल्या यंत्रांची संख्या अहवालात लिहाच.

नोंदींचं ओझं बहुतेक जण विसरतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. ४० कॉम्प्युटर, तासाला ४ बदल, ८ तास काम: रोज १,२८० पत्तेबदल. कोणत्या क्षणी कोणता पत्ता कोणाकडे होता हे जपलं नाही, तर जुना लॉग वाचताच येणार नाही. वीज गेली की काही स्वस्त राउटरमधली ही यादी पुसली जाते, घड्याळही चुकतं. म्हणून यादी वेगळ्या कॉम्प्युटरवर पाठवा आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

प्रश्न : आपोआप ब्लॉकिंग सुरू केल्यापासून पिग्मी एजंटांचं ॲप मधेच बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. विक्रेता मोबाइल नेटवर्कला दोष देतो.
— सचिव, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : ‘आपोआप सुरू होतं’ इथेच शंका घ्या. मोबाइल कंपन्या बऱ्याचदा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. एक जण चुकीचा पासवर्ड टाकत राहिला की त्या पत्त्यामागचे सगळेच अडकतात. आपोआप ब्लॉक करणाऱ्या फेलटूबॅन या सॉफ्टवेअरची मूळ मांडणीच अशी आहे: १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी. एजंटांच्या तक्रारींची वेळ ब्लॉक-यादीतल्या वेळेशी ताडून पाहा. जुळली तर चुका पत्त्याऐवजी लॉगिननुसार मोजायला सांगा, किंवा एजंटांना व्हीपीएन (संस्थेच्या जाळ्यात येण्याची खासगी, सुरक्षित वाट) द्या. तोवर दर चुकीच्या बंदीचा खर्च अडकलेले एजंट गुणिले मिनिटं असा लिहून ठेवा. विक्रेत्याच्या पुढच्या बिलासोबत तो आकडाही मंडळासमोर जाऊ द्या.